पंचेचाळीस की पन्नास

"आता बोल! आता तरी देशील ना पन्नास?"

नोरीनने डबी उघडून टेबलावर ठेवली आणि व्हर्लिन पुढे वाकला. आतला चांदीचा डॉलर आरशासारखा लखलखत होता. सव्वाशेहून अधिक वर्षांचे नाणे असे लखलखत नसते. कार्सन सिटीच्या टांकसाळीतला १८८९ सालचा हा डॉलर त्याने शेकडो वेळा हातात घेतला होता. कडेला मधाचा रंग, मागच्या बाजूच्या गरुडाच्या छातीवर मंद झाक. ते सगळे गेले होते.

"कशानं घासलंस?"

"खायचा सोडा आणि जुना दातांचा ब्रश. दोन दिवस लागले मला," नोरीन अभिमानाने म्हणाली.

एल्को गावच्या चर्चच्या हॉलमध्ये नाणी जमवणाऱ्यांच्या क्लबचे वार्षिक प्रदर्शन तासाभरात उघडणार होते. एकीकडे कॉफीची भांडी चढली होती, दुसरीकडे काचेच्या पेट्या मांडल्या जात होत्या. प्रत्येक नाण्यापुढे चिठ्ठी हवी आणि नाणे किती कमी झिजले ते सांगणारा चिठ्ठीवरचा अंक व्हर्लिनने दिलेला हवा, असा इथला रिवाज. व्हर्लिनने जन्मभर रेल्वेचे सिग्नल दुरुस्त केले. पण गावात त्याला ओळखत ते या अंकांमुळे. सत्तरपैकी एक गुण जास्त देताना त्याच्या जिवावर येई. सख्ख्या भावाच्या नाण्यालाही त्याने सूट दिली नव्हती.

नोरीनचा नवरा डेलमर शाळेची बस चालवायचा. फेब्रुवारीत तो गेला. त्याच्यापाशी नाव घेण्याजोगे नाणे हे एवढेच, आईकडून आलेले. सव्वीस वर्षे दर शनिवारी तो ते घेऊन व्हर्लिनच्या ओट्यावर हजर व्हायचा.

"आज ऊन चांगलंय. नाण्यावरल्या बाईच्या कानावरचे केस बघ, एकेक मोजून घे!"

"केस बघायचे तर तुझ्या डोक्यावरचे बघतो. तेही झिजलेत. पंचेचाळीस."

"आंधळ्या, पन्नास आहेत!"

मग कॉफी, मग दुसरी कॉफी, आणि संध्याकाळी डेलमर तणतणत घरी.

व्हर्लिनने भिंग लावले, नाणे दिव्याखाली तिरके केले. सगळीकडे केसाएवढे बारीक ओरखडे. घासलेल्या नाण्याला अंक द्यायचा नाही, हा क्लबचा नियम त्यानेच हट्टाने करून घेतला होता. खोटे बोलावे, असे त्याला क्षणभर फार वाटले. पण नोरीन डोळ्यांत डोळे घालून उभी होती.

"नोरीन, नाणं घासायचं नसतं गं. घासलं की त्याची कातडीच जाते. आता याला कुठलाच अंक देता येत नाही."

ती खुर्चीत बसली. तिने आपल्या बोटांकडे पाहिले.

"म्हणजे मीच मातेरं केलं."

"तुला कुणी सांगितलं नव्हतं..."

"त्यानं मला कधी हात लावू दिला नाही त्याला. पण शेवटच्या दिवशी म्हणाला, व्हर्लिनला सांग, त्याचंच बरोबर होतं. पंचेचाळीसच." तिने रिकामी डबी मिटली. "सव्वीस वर्षं भांडला आणि जाताना हार मानून गेला रे! मला नाही सोसलं. म्हटलं, चकचकीत करून नेते, मग कसा देत नाही पन्नास ते बघते."

व्हर्लिनने भिंग खाली ठेवले. त्याला समोरची चिठ्ठी दिसेना.

"पन्नासच होते," तो म्हणाला.

"काय?"

"पहिल्या दिवसापासून. मी कबूल केलं असतं, तर पुढच्या शनिवारी तो कशाला आला असता? माझ्याकडे दुसरं कोण येतं?"

"मेल्या!" नोरीन इतक्या जोरात ओरडली की कॉफीपाशी उभी असलेली माणसे वळून बघू लागली. "दर शनिवारी तोंड पाडून घरी यायचा. मी समजूत काढायची. एकदा, निदान दवाखान्यात, सांगायला तुझी जीभ झडली होती?"

"तिथंही तो भांडेल असं वाटलं. बरा होईल असं वाटलं."

व्हर्लिनने चिठ्ठी पुढे ओढली आणि शाईने, सावकाश, लिहिले. लिहून झाल्यावर तिच्यापुढे सरकवली. तिने चष्मा शोधला नाही.

"वाच."

"डेलमर केसी यांचा डॉलर. घासलेला. त्याआधी पन्नास."

"मोठ्यानं वाच."

त्याने पुन्हा वाचले. कॉफीपाशी उभी असलेली माणसे एव्हाना टेबलाभोवती जमली होती.

"आणखी मोठ्यानं," नोरीन म्हणाली. "त्याला कमी ऐकू यायचं."