उरलेलं बी

यंदाच्या माघाने निघोजे गावात सगळ्यांचा अंत पाहिला. पहाटे स्वेटर घालावा, दुपारी पंखा लावावा आणि संध्याकाळी आभाळ भरून यावं, असा सगळा वेडाचार. माणसं शिंकून मोकळी होतात. वांग्याच्या कोवळ्या रोपांना ती सोय नसते.

हर्षालीचा जीव त्या रोपांत अडकला होता. ती वाढली शहरात, दापोडीत. तिथे तुळशीपलीकडे कुंडी ठेवायला जागा नव्हती. लग्न होऊन निघोज्यात आली, तेव्हा जमीन कंपन्यांत जाऊन घरामागे चार वाफे तेवढे राहिले होते. त्यांत तिच्या सासूबाई, तानाबाई, घरचं काटेरी वांगं लावायच्या. नव्या सुनेशी बोलायचं काय हे सासूबाईंना सुचेना, म्हणून त्या वांग्याबद्दल बोलल्या, आणि दोघींचं जमलं ते तिथेच. गावात बाकीच्यांनी कधीच नर्सरीची रोपं धरली होती. गेल्या पावसाळ्यात रोग पडून यांची झाडं वाळली, बियाण्यापुरतं एक फळही हाती लागलं नाही. राखेत ठेवलेलं जुनं मूठभर बी, तेवढंच काय ते राहिलं.

त्यातलंही निम्मं रोपांच्या ट्रेत पेरलं, ते पंधरवड्यापूर्वी गेलं. ऊन दाखवायला म्हणून तानाबाईंनी ट्रेवरचं प्लास्टिक काढलं आणि शेजारी बारशाला गेल्या, त्या तिथेच रमल्या. आभाळ आलं, गार वारा सुटला, कोंब गारठून मेले. हर्षाली ड्यूटीवरून दमून आली होती. तिच्या तोंडाला लगाम राहिला नाही.

"आत्या, तुम्हाला आता काही कळत नाही. यापुढे मी असल्याशिवाय ट्रेला हात लावायचा नाही."

सासूला इकडे आत्याच म्हणतात.

उरलेलं बी तानाबाईंनी भिजवून फडक्यात बांधलं आणि ऊब मिळावी म्हणून ती पुरचुंडी पोटाशी, निऱ्यांत खोचून वागवली. झोपेतसुद्धा कुशीवर वळायची भीती. मोड फुटल्यावर पुरचुंडी सुनेच्या हाती दिली, लावलं सुनेनेच. पहिली पानं उघडली तेव्हा दोघी ट्रेवर वाकून हसल्या होत्या.

त्या सकाळी धुकं होतं, थंडी झोंबत होती. हर्षालीने कंपनीतून आणलेलं पॅकिंगचं जाड प्लास्टिक ट्रेवर ताणलं, कडेने विटा ठेवल्या आणि पहिल्या शिफ्टची बस पकडली. तिच्या लाइनवर खिडकी नाही. बाहेर ऊन आहे की गारा, आतल्या माणसाला पत्ता नसतो. मोबाइल तर गेटवरच जमा. जेवणाच्या सुट्टीत ती कँटीनकडे निघाली आणि डोक्याला चटका बसला. आभाळात ढग म्हणून नव्हता. त्या जाड प्लास्टिकखाली रोपं भाजत असणार.

सुपरवायझरच्या हातापाया पडून तिने गेटपास मिळवला. मोबाइल मिळताच घरी लावला, कुणी उचलला नाही. नवरा ओम दुसऱ्या कंपनीत फोर्कलिफ्टवर, त्याचाही फोन गेटवर. रिक्षा मिळाली ती चौकात कंटेनरांमागे अडकली.

"दादा, काढा ना कुठूनतरी," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"ताई, उडवत नेऊ का?" रिक्षावाला म्हणाला. त्याचंही काही चुकलं नाही.

शेवटी ती उतरली आणि जड सेफ्टी शूजसकट पळत सुटली. आज आत्यांनी माझं ऐकलेलं नसू दे, एवढंच ती देवाला विनवत होती.

घरामागे तानाबाई ट्रेजवळ भर उन्हात बसल्या होत्या. प्लास्टिक जसंच्या तसं ताणलेलं, आतून वाफेने पांढरं झालेलं. हर्षालीने विटा भिरकावल्या, प्लास्टिक ओढलं. उकडलेल्या भाजीचा वास आला. सगळी रोपं आडवी पडली होती, एकही उभं नव्हतं.

"आत्या, तुम्ही इथंच होता?"

"सकाळपास्नं हितंच हाय."

"मग काढलं का नाही हो?"

"तू नगं म्हनली व्हतीस." तानाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "माना टाकताना दिसत व्हती. दोनदा हात फुडं केला. म्हनलं, माझंच चुकत असंल. मागल्या बारीला चुकलंच की."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि हर्षालीला तेच सोसेना. त्यांनी शिव्या द्याव्यात, दोन थोबाडीत माराव्यात, असं तिला वाटलं. ती मातीत बसली आणि एकेक रोप बोटाने उभं करून पाहू लागली. तानाबाईंनी शेजारचा भरलेला तांब्या उचलला, ट्रेपर्यंत नेला आणि तिथेच थांबवला.

"आता वाइच पानी घालू का गं, का नगं?"

तानाबाई उत्तराची वाट पाहत तांब्या धरून बसून राहिल्या.