पोळ्याला न्हालेली मोटर

मित्रांनो, गाडीची मोटर कुठं असते असं कुणी विचारलं, तर तुम्ही सीटखाली वाकून बघाल. मी तिथं सापडायची नाही. मी विजेवर चालणारी मोटर आहे आणि माझं घर चाकाच्या पोटातच आहे. ना साखळी, ना पट्टा, ना गिअर. जात्याचा मधला खिळा जागचा हलत नाही आणि वरचा दगड त्याच्याभोवती फिरतो, तसा माझा मधला आस जागेवर राहतो आणि बाकीचं अंग चाकाला घेऊन फिरतं. आवाज म्हणाल तर इतका बारीक, की गल्लीतली कुत्रीसुद्धा मान वर करत नाहीत.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी माझ्या आत तांब्याची तार गुंडाळली, बाहेरच्या कड्याला आतून लोहचुंबक चिकटवले आणि वरून झाकण लावलं. मग मला एका तीनचाकी सायकलीच्या पुढच्या चाकात बसवलं, आणि ती सायकल आली थेट मुरुम या बाजाराच्या गावाजवळच्या एका खेड्यात, शिवरंजनीच्या दारात.

शिवरंजनीच्या पायांत लहानपणापासून बळ नाही. पण हात! ब्लाउज शिवावा तर तिनंच. मुरुमच्या बाजारात एका दुकानात ती शिवायला बसायची. तिचे वडील महांतप्पा रोज तिला खांद्यावर घेऊन फाट्यापर्यंत जायचे आणि जीपमध्ये बसवायचे. पुढं अप्पांची कंबर धरली. लेकीला उचलणं जमेना आणि तिचं दुकान सुटलं. मग पोर दिवसभर उंबऱ्यात बसून नुसता रस्ता बघायची. पुढं कधी तिची आई महानंदा हे शेजारणींना सांगायची, तेव्हा मलाही भरून यायचं.

मी आले आणि ती परत दुकानात जायला लागली. खरं सांगू, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. चढ आला की ती हँडलची मूठ हळूच पिळायची आणि म्हणायची, “चल गं बाई.” बाजारातल्या बायका माझ्याकडं वाकून बघायच्या, पोरं चाकात बोट घालायला यायची. ब्लाउज शिवून द्यायला उशीर झाला तर बायका शिवरंजनीवर रुसायच्या, आणि तिला त्याचासुद्धा आनंद व्हायचा. आपली कुणीतरी वाट बघतंय, ही काय लहान गोष्ट आहे का?

अप्पांचा जीवही माझ्यावर जडला. त्यांचे बैल म्हातारे होऊन गेले होते आणि शेतात ट्रॅक्टर फिरत होता. गोठा रिकामा, म्हणून रात्री माझी सायकल तिथंच उभी राहायची. ते माझ्यावर हात फिरवून म्हणायचे, “हाच आमचा बसवण्णा.” मी मोटर, बाईमाणूस, आणि मला बैलाचं नाव! पण मायेनं हाक मारल्यावर कोण भांडत बसतंय?

मग पोळा आला. घरात दोघी मायलेकी पुरण वाटत होत्या. बॅटरी घरात चार्जिंगला लावलेली होती, तेवढी ती वाचली. अप्पांनी सायकल ढकलत ओढ्यावर नेली आणि सगळं पुढचं चाक पाण्यात घातलं. जन्मभर बैल धुतले तसं मला धुतलं, पेंढ्याच्या बोळ्यानं घासून घासून. नंतर आसाला तूप-हळद चोळली, गळ्यात, म्हणजे हँडलला, झेंडूची माळ घातली आणि चाकासमोर पुरणपोळीचा घास ठेवला. इतके लाड माझे कुणी केले नव्हते हो. पण वायरी जिथून बाहेर येतात त्या फटीतून पाणी माझ्या पोटात शिरलं होतं. मी सांगू कशी?

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या चढावर मी गचके दिले, घरघरले आणि थांबले. शिवरंजनीनं पुन्हा पुन्हा मूठ पिळली. मी जीव तोडून जोर लावला, पण मला हलता येईना. मागून चालत येणाऱ्या अप्पांनी सायकल ढकलत घरी आणली. घाम पुसत ते म्हणाले, “राहू दे आता दुकान. घरीच बस. मी हाय न्हवं?”

शिवरंजनीनं हँडलची मूठ सोडली नाही. डोळे भरून आले होते. मग ती हळूच म्हणाली, “तुम्ही हायच, अप्पा. पर मी कुठं हाय?”

अप्पा वळून गोठ्यात गेले. मग त्यांनी पान्हा आणला, आसाचे नट सोडले आणि मला चाकासकट खांद्यावर घेतलं. महानंदा कंबरेची आठवण करून देत होती. त्यांनी ऐकलं नाही.

मुरुममध्ये दिग्विजय नावाचा मेकॅनिक आहे, त्याच्याकडं त्यांनी मला नेलं. त्यानं झाकण उघडलं आणि आतून पिवळं पाणी गळालं. हिला पाण्यात कुणी बुडवलं, असं त्यानं विचारलं. अप्पा मान खाली घालून म्हणाले, “म्याच. बैलावानी धुतली. तिला काय सोसतं, ते म्या इचारलंच न्हाय.”

दिग्विजय हसला नाही, हे बरं झालं. त्यानं मला कोरडं केलं, गंज पुसला, पाण्यानं बिघडलेला एक लहानसा भाग बदलला आणि फट नीट बुजवली. पावसाचे शिंतोडे ही सोसते, पण बुडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा, असं त्यानं बजावलं. मग वीज जोडली. मी फिरले, मित्रांनो! अप्पांचा जीव भांड्यात पडला आणि माझाही.

घरी येऊन त्यांनी स्वतःच लेकीला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, पण “काही होत नाही” असंही म्हणाली नाही. सकाळी ती निघाली. रोज अप्पा फाट्यापर्यंत तिच्या मागं चालत यायचे, तिला कधी न विचारता. त्या दिवशी त्यांनी पायात चपला घातल्या आणि ते दारातच थांबले.

“शिवा, मी मागं येऊ, का तुझी तू जातीस?”

तिनं वळून त्यांच्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

“जाते, अप्पा,” ती म्हणाली.

अप्पांनी चपला काढल्या. आम्ही निघालो.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी मुकी वस्तू असेल, तिच्यावर जरूर माया करा. पण तिला काय सोसतं ते आधी कुणाला तरी विचारा. आणि ज्यांना तोंड आहे, त्यांना काय हवं ते तर त्यांनाच विचारा.