मुकी बस

लग्न ठरलं तेव्हा तिच्या मामाने आडून विचारलं होतं, "मुलगी बस चालवणार आणि जावई आंधळा. जमायचं कसं?" उत्तर नवरदेवानेच दिलं, "मामा, आम्हा दोघांत मिळून दोन डोळे आहेत. बऱ्याच घरांत चार असून भांडी आपटतात." मामा हसला आणि विषय मिटला.

तो हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होता. पावलांवरून डॉक्टर ओळखायचा आणि रस्ता कानांनी ओलांडायचा. डिझेलच्या बसगाड्या होत्या तोवर कुठली बस किती लांब आहे, वळणार की सरळ जाणार, हे काठी टेकून उभ्या उभ्या सांगायचा. बायकोची बस तर खोकल्यावरूनच ओळखू यायची.

मग शहराने डिझेल हद्दपार केलं. विजेच्या बसवर शिकवलेल्या पहिल्या तुकडीत ती होती. गिअर नाही, पायाशी धग नाही, संध्याकाळी घरी येताना कंबर शाबूत. नवऱ्याचा दमाही उतरला. "हवा सुधारली खरी," तो म्हणायचा, "पण तुझी ही नवी बस मांजरासारखी येते. अंगाला घासेपर्यंत पत्ता नाही." म्हणूनच बस हळू चालताना स्पीकरमधून बारीक घूंघूं आवाज यायची सोय होती. चार दिवसांत तो आवाज त्याच्या कानात बसला आणि तो पुन्हा एकटा ये-जा करू लागला.

पुढे हॉस्पिटलच्या रस्त्यावर काचेचे टॉवर उभे राहिले. तिथल्या लोकांना दिवसभराची ती घूंघूं सोसेना. एका सकाळी डेपो मॅनेजरने सगळ्या ड्रायव्हरांना गोळा केलं.

"टॉवर सुरू झाले की आवाजाचं बटण बंद. पूल आला की चालू."

"साहेब, त्या रस्त्यावर हॉस्पिटल आहे," ती म्हणाली. "न दिसणारी माणसंही असतात."

"ताई, गाडीला कॅमेरे आहेत, सेन्सर आहेत. समोर माणूस आला की गाडी आपोआप थांबते. तुम्ही कशाला जीवाला घोर लावून घेता?"

घरी आल्यावर तिने नवऱ्याच्या कानावर घातलं. 

"मी सोडायला येऊ का हो?"

"पहाटे बस काढणार की मला सोडणार? असू दे. जपून जाईन."

दुसऱ्या दिवसापासून टॉवर आले की ती बटण बंद करू लागली. सगळेच करत होते. पहिल्या दिवशी बोट अडखळलं. मग सवय झाली.

अपघात झाला तेव्हा तिची बस शेवटच्या स्टॉपवर चार्जिंगला लागली होती. मागची बस बुटक्याची; डेपोत सगळे त्या नव्या ड्रायव्हरला याच नावाने हाक मारायचे. त्या पोराला बस तिनेच शिकवली होती आणि तो तिला ताई म्हणायचा. स्टॉपला लागताना त्याने बस फुटपाथला अगदी चिकटवून घेतली. सेन्सरला समोर कुणी दिसलं नाही, कारण समोर कुणी नव्हतंच. तिचा नवरा कडेला उभा होता, घूंघूं नाही म्हणजे रस्ता मोकळा आहे अशा समजुतीत जरा पुढे वाकलेला. बाहेर आलेला आरसा त्याच्या उजव्या कानाच्या वर बसला.

जीव वाचला. उजवा कान गेला.

आंधळ्याचा एक कान जाणं म्हणजे काय, हे तिला घरी आणल्यावर कळलं. ऐकू येत होतं, पण आवाज कुठून येतोय ते कळत नव्हतं. ती स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि तो खिडकीकडे तोंड करून म्हणायचा, "काय गं?" फोन एका कानानेही घेता आला असता, पण हॉस्पिटलपर्यंत पोचणार कसा? त्याच्या जागी आपोआप बोलणारं यंत्र बसलं.

एका दुपारी बुटका दारात येऊन उभा राहिला. "भावोजी," एवढंच म्हणाला. पावलांवरून माणसं ओळखणाऱ्याने भिंतीकडे तोंड केलं आणि विचारलं, "कोण आहे?" बुटक्याला रडू फुटलं.

"ताई, चौकशी लागलीय. साहेब म्हणतात, बटण बंद करा असं मी बोललोच नाही. पोराने मनानेच केलं."

"आणि बाकीचे?"

"सगळ्यांनी हात वर केले."

"मग मी काय करू?" ती तडकली. "यांची दशा बघतोयस ना? तुझ्या बसनेच केली!"

"अगं," नवरा म्हणाला, "मागची बस तुझी असती तर?"

 आपलं बोटही त्याच बटणावर होतं, हे तिच्या मनातून एक दिवसही गेलं नव्हतं.

चौकशीत ती उभी राहिली. "साहेबांनी सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं. मीही रोज बंद करत होते."

"म्हणजे नियम तुम्हीही मोडलात," समोरचा अधिकारी शांतपणे म्हणाला.

बुटक्याची नोकरी गेली. तिची बस काढून घेतली आणि तिला डेपोत गाड्यांना चार्जर लावायचं काम दिलं. मॅनेजरची बदली झाली, ती वरच्या जागेवर. आवाज सगळीकडे चालू ठेवायचा, असा हुकूम निघाला.

बातमी ऐकून नवरा म्हणाला, "चल, जरा रस्त्यापर्यंत जाऊन येऊ. जमतंय का बघतो."

संध्याकाळी ती त्याला कोपऱ्यापर्यंत घेऊन गेली. जरा वेळाने घूंघूं ऐकू आली. त्याने मान वळवली, मग उलटीकडे वळवली, मग पुन्हा. तिच्या दंडावरची पकड घट्ट होत गेली.

"कुठून येतेय?"

"उजवीकडून. लांब आहे अजून."

"मला सगळीकडून येतेय गं."

बस समोरून गेली, तरी त्याने पाऊल उचललं नाही. कपाळावर घाम आला होता. "घरी चल," तो म्हणाला.

त्यानंतर त्याने बाहेर पडायचं नाव काढलं नाही. पहाटे ती डेपोत निघते तेव्हा तो जागाच असतो. ती त्याच्या खांद्याला हात लावून मगच बोलते, म्हणजे तो दचकत नाही. दार बाहेरून ओढून घ्यायला त्यानेच सांगितलं आहे.