खिडकीवालीचा स्वेटर

“आणि हे बघ, त्या खिडकीवालीचं माप कळव मला,” फोनवर आई म्हणाली. “थंडी तोंडावर आलीय. तुझा स्वेटर होतच आलाय, आता तिचाही घेते विणायला.”

वसतिगृहाच्या जिन्यात भिंतीला पाठ टेकून उभ्या असलेल्या मुलीने फोन दुसऱ्या कानाला लावला. “कशाला उगाच, आई? तिच्याकडे असतील की.”

“असू देत. विकतच्याला ऊब असते का? परक्या ठिकाणी माझ्या लेकीला सांभाळते ती. एवढं तरी करू दे मला.”

मुलीला विद्यापीठात येऊन काही महिने लोटले होते. गावच्या शाळेत पहिल्या बाकावर बसणारी ही मुलगी इथल्या प्रशस्त व्याख्यानगृहात शिरली आणि तिची वाचाच बसली. सभोवतालची मुले पहिल्याच आठवड्यात जन्मोजन्मीची ओळख असल्यासारखी एकमेकांना टपल्या मारू लागली होती. ही मात्र मनातल्या मनात वाक्य जुळवीत राही, आणि ते ओठांशी येईपर्यंत बोलण्याचा विषय कुठल्या कुठे गेलेला असे. भोजनगृहात ती सर्वांच्या आधी जाई, नाही तर सर्व उठून गेल्यावर.

“कुणी मैत्रीण मिळाली का गं?” आई रोज विचारी. नाही म्हटले की “जेवतेस ना वेळेवर?” म्हणून विषय बदली. पती निवर्तल्यापासून विणकामाच्या दोन सुयांवर संसार ओढणारी ती माउली. लेकीवाचून ओस पडलेल्या घरात तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. “एकटी पडली असशील तर ये बाई परत,” असे ती एकदा काकुळतीने म्हणाली. नेमके त्याच दिवशी, वर्गात खिडकीशी बसणाऱ्या एका मुलीने मागे वळून म्हटले होते, “ए, तुझं पेन पडलंय.”

एवढेच. त्या एका वाक्यावर मुलीने एक संपूर्ण मैत्री रचली. खिडकीवाली जेवायला हाक मारते. खिडकीवाली लाल काड्यांचा चष्मा लावते. खिडकीवालीला हसू आले की आवरत नाही, सरसुद्धा वैतागतात. आई कौतुकाने ऐके आणि फोन ठेवताना न चुकता म्हणे, “तिला विचारलं म्हणून सांग हं.” आईला आता गाढ झोप लागू लागली होती. असत्य ते असत्यच. परंतु ज्या असत्याच्या उशाशी आईची निद्रा विसावली होती, ते काढून घेण्याचे बळ त्या पोरीने कुठून आणावे?

दुसऱ्या दिवशी खोलीचे दार लावून तिने सुतळीने स्वतःचीच छाती, खांदे, हात मोजले. बाहीला बोटभर लांबी वाढवली आणि माप कळवून टाकले.

“अगं, ही तर अगदी तुझ्याच अंगाची!”

“हो ना. सगळे बहिणीच म्हणतात आम्हाला.”

“घ्या! म्हणजे बसल्या जागी मला दुसरी लेक मिळाली,” आई खळखळून हसली.

आणि मग एका सकाळी, काहीही न कळवता, आई विद्यापीठाच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. काखेत कापडी पिशवी. “म्हटलं, स्वतःच्या हातानं घालावेत दोघींना. कुठाय ती?”

“ती... आज नाही आली. बरं नाहीये तिला.”

“अगं बाई! मग खोलीवर जाऊन बघू या की.”

तेवढ्यात समोरच्या व्याख्यानगृहाचे दार उघडले. मुलांचा लोंढा बाहेर आला, आणि त्यात, दोन मैत्रिणींच्या मधोमध, लाल काड्यांचा चष्मा.

“ती बघ! आली की गं!” आई लगबगीने पुढे झाली. तिचा हात पिशवीत गेला. पिवळ्या लोकरीची बाही अर्धी बाहेर आली.

खिडकीवाली थांबली. चांगली उंचीपुरी, रुंद खांद्यांची मुलगी. आईला मान वर करून पाहावे लागले.

“कुणाला शोधताय का, काकू?” तिने अदबीने विचारले. मग तिची दृष्टी शेजारी गेली. “अगं, तू पण आमच्याच वर्गात आहेस ना? कुठं बसतेस तू?”

तिच्या स्वरात कुठेही कुचेष्टा नव्हती.

पिशवीतला हात तिथेच थबकला. उंबरठ्यात पाऊल टाकणाऱ्या माणसाचे खांदे पाहूनच किती लोकर लागेल ते सांगणारी ती नजर, त्या उंच मुलीवरून हळूहळू आपल्या लेकीवर आली. आईने पिवळी बाही आत सारली.

“नाही गं बाळा. लेकीला भेटायला आले होते. जा तुम्ही, उशीर होईल.”

मुले पांगली.

“आई, मी...”

“माझंच माप चुकलं,” आई पिशवीत चाचपत म्हणाली. “हल्ली नीट दिसत नाही बघ. एवढ्या उंच पोरीला हा कुठला व्हायला?” तिने दुसरा, राखाडी स्वेटर काढून लेकीच्या अंगावर चढवला, खांद्याची शिवण जागेवर बसवली. “जेवलीस?”

“नाही.”

“चल. दोघी जेवू.”

त्या दिवशी मुलगी प्रथमच भर गर्दीच्या वेळी, भोजनगृहाच्या मधल्या मेजावर बसली. आई फार सावकाश जेवली.

बसथांब्यावर मुलीने विचारले, “मी येऊ घरी?”

आईने तिच्या गालावरून हात फिरवला. “परीक्षा झाली की ये. मी कुठं जातेय?”

मग ती बसमध्ये चढली. खिडकीवालीला विचारलं म्हणून सांग, असे काही ती म्हणाली नाही.

काचेमागे तिने पिवळा स्वेटर मांडीवर घेतला, गळ्याशी शेवटची गाठ शोधली आणि दातांनी तोडली. बस निघाली तेव्हा ती खाली मान घालून बोटांभोवती लोकर गुंडाळत होती, आणि विणीची एकेक ओळ निमूटपणे सुटत होती.