घ्यायचं नसलेलं नाव

मध्यस्थबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि तिसऱ्यांदा विचारलं,

"नोझोलिलेताई, तक्रार कोणाविरुद्ध आहे? नाव सांगा."

नोझोलिलेने हनुवटीने समोर दाखवलं. "हे काय, बसलेत ना."

समोर बसलेल्या म्लाम्लीने तोंड फिरवलं. दक्षिण आफ्रिकेतल्या उम्टाटाच्या बस आगारात तो नवा पर्यवेक्षक होता, आणि नोझोलिले अकरा वर्षांपासूनची निवेदिका. आगारात कोणालाही बोलवायचं तर बिल्ल्यावरच्या नावानेच, असा कंपनीचा नियम. ती सगळ्यांना नावाने पुकारायची, याला मात्र "गाडीवाल्यांचे साहेब, खिडकीपाशी या." ड्रायव्हर फिदीफिदी हसायचे. दोनदा लेखी ताकीद मिळाली, तरी ती बधली नाही. शेवटी उद्धटपणाचा ठपका ठेवून तिला काढलं. तेव्हा ती कामगार तंट्यांच्या या सरकारी आयोगाकडे आली. इथे फी पडत नाही, वकीलही लागत नाही.

म्लाम्ली हे तिच्या सासऱ्यांचं नाव. त्यांच्या खोसा जमातीत सून सासऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही, ते दुसऱ्या कोणाचं असलं तरी. त्यातून खोसा भाषेत या शब्दाचा अर्थच मध्यस्थ, म्हणजे तो शब्दही वर्ज्य. त्यामुळे बाईंना तरी काय म्हणावं, हा तिच्यापुढे सकाळपासून पेच होता.

हे तिने आता खाली मान घालून सांगितलं. कंपनीचा मॅनेजर कागद चाळत म्हणाला, की घटस्फोट होऊन सात वर्षं झाली, यांनीच अर्जात लिहिलंय. मग कसलं सासर? इथे सगळ्यांसमोर एकदा नाव घ्या आणि सोमवारपासून कामावर या, गोष्ट मिटली.

एवढंच तर करायचं होतं. बावन्नाव्या वर्षी तिला दुसरं कोण ठेवणार होतं? तिने तोंड उघडलं. ओठ मिटले, ते पहिल्याच अक्षरावर मिटूनच राहिले.

"नवऱ्याने सोडलं मला," ती म्हणाली. "म्हाताऱ्याने नाही सोडलं. लेकाला म्हणाला, तू जा, सून इथेच राहील. त्याचं जेवण अजून माझ्या हातचं असतं. दुपारी तुमच्यासमोर नाव घेऊ, आणि संध्याकाळी त्याला कुठल्या तोंडाने वाढू?"

मॅनेजर घड्याळ बघू लागला. म्लाम्ली मात्र तिच्याकडे बघत होता. तो शहरात वाढलेला, ही चाल त्याच्या ध्यानातच आली नव्हती. ही बाई आपल्याला चारचौघांत तुच्छ लेखते, हेच तो चार महिने मनात घेऊन बसला होता.

"मग मला काय म्हणाल?" त्याने विचारलं.

"तुमचं कूळ कोणतं?"

"भेले."

"मग भेलेच म्हणेन. त्यात मानही जास्त."

"नियम बिल्ल्यावरच्या नावाचा आहे," मॅनेजर म्हणाला.

"मग बिल्ला बदला," मध्यस्थबाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

समेटाचा कागद सही करण्याआधी कामगाराने मोठ्याने वाचायचा, अशी बाईंची पद्धत होती. नोझोलिले उभी राहिली आणि माइकसमोर वाचायची तशी स्वच्छ वाचू लागली. दुसऱ्याच ओळीत त्याचं नाव आलं. ती थांबली. मग टेबलापलीकडून म्लाम्लीने स्वतःचं नाव हळूच उच्चारलं, आणि ती पुढे वाचू लागली.

नाव खाली आणखी दोनदा होतं. दोन्ही वेळा त्याने ते आधीच उच्चारलं, तिला थांबावं लागलं नाही.