दोघांच्या तुसाचा बोरा

मी एक जुना बोरा आहे, तागाचे पोते. पण मित्रांनो, माझ्यात धान भरून मला कुणी बाजारात नेत नाही. मी ठोसे खातो. दवनीवाड्याच्या तलावाच्या पाळीवर मोहाचे एक झाड आहे. त्याच्या आडव्या फांदीला मी लोंबकळत असतो. वारा आला की हलतो, ठोसा बसला की डोलतो, आणि दोन्ही नसले की पाण्याकडे बघत स्वप्ने पाहतो.

माझा जन्म देवचंदच्या घरच्या छपरीत झाला. त्याच्या आईने, धुरपताबाईने, तागाचे दोन बोरे एकात एक घालून दाभणाने शिवले आणि वरून ताडपत्रीचा अंगरखा चढवला. हा तलाव देवचंदच्याच पूर्वजांनी खोदला, असे गाव सांगते. माती वाहणाऱ्या त्या घरातल्या पोराला मुष्टियुद्धाचे वेड कुठून लागले, याचे धुरपताबाईला नवल वाटे.

माझ्या पोटात तूस असतो. धानातला तांदूळ निघून गेला की मागे उरते ते हलके, पोकळ टरफल म्हणजे तूस. तो मुठीला दुखवत नाही. ठोसा आला की बाजूला सरकून त्याला जागा देतो.

तरुणपणी देवचंद उंच आणि हडकुळा होता. लांब हातांचा. त्याचा डावा ठोसा सुतारपक्ष्याच्या चोचीसारखा टक् टक् बसे. तो राज्याचा विजेता झाला. पुढे त्याचा खांदा निखळला आणि त्याने हातमोजे खुंटीला टांगले. मग त्याने गावातल्याच छोटेलालला माझ्यासमोर उभे केले. छोटेलाल बुटका, रुंद छातीचा. बैलाने मान खाली घालून धडक द्यावी, तसा त्याचा उजवा ठोसा खालून येई. काही वर्षांनी तोही राज्याचा विजेता झाला.

तेव्हापासून एक रीत पडली. धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, आणि भरडणे आटोपले की माझ्यात नवा तूस भरायचा. खालचा अर्धा देवचंदच्या बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला, वरचा अर्धा छोटेलालच्या. म्हणून मी दोघांचा.

एकाची भरती आली तेव्हा दुसऱ्याची ओसरली होती. त्यामुळे दोघे कधी समोरासमोर लढले नाहीत. आणि म्हणूनच गावाला वादाचा विषय मिळाला. पाळीशी सायकली दुरुस्त करणारा टिंकू देवचंदच्या बाजूचा. छोटेलालची नात रेणू, जी आता माझ्यावर सराव करते, ती अर्थातच आजोबांच्या बाजूची.

"ऐन भरातला देवाबाबा आन ऐन भरातला तुझा आजा," टिंकू म्हणे. "तिसऱ्या फेरीत तुझा आजा आडवा."

"काऊन?" रेणू विचारी.

"हात लंबा होता न! जवळ कोण येऊ देते?"

"माझा आजा वाकून आत घुसला असता. बरगडीखाली एकच देल्ला की तुझा देवाबाबा तलावात, बेंडकांसंग!"

"मी अजून जिता आहो बे," झाडाच्या बुडाशी बसलेला देवचंद म्हणे. "मले विचारा न."

"मंग सांगा, कोण जिंकला असता?"

"मीच."

शेजारी बसलेला छोटेलाल मिशीत हसे. "सपने में, भाऊ."

स्वप्नात तर मी रोजच ही लढत पाही. उन्हाळ्यात तलावाचे पाणी मागे सरते, आणि उघड्या पडलेल्या गाळावर दुपारी ऊन थरथरते. त्या थरथरीत मला ते दोघे दिसत. कधीच एका वेळी तरुण नसलेले, तिथे मात्र एका वेळी तरुण. सारसांची जोडी पंच म्हणून उभी. लांब हात पुढे होई, रुंद छाती खाली वाके. पण शेवटच्या घंटेआधी माझे डोळे उघडत. निकाल मला कधीच कळला नाही.

मित्रांनो, माणसे माझ्यासारखीच झिजतात. अलीकडे छोटेलाल विसरू लागला. आधी नावे विसरली, मग वाटा.

या उन्हाळ्यात माझ्या पोटातला वरचा तूस पार दबून बसला होता, म्हणून नवा भर पडेपर्यंत रेणूने सराव थांबवला होता. एका भर दुपारी छोटेलाल सायकलवर ओझे लादून एकटाच आला. मला खाली उतरवून त्याने माझी शिवण उसवली, जुना तूस काढून टाकला आणि नवा भर ओतला. "भाऊचा खांदा दुखते," तो स्वतःशीच बोलत होता. "नरम भरतो. एकदम नरम."

पण जे आत आले ते नरम नव्हते. ते जड होते आणि त्याला वास होता. तो चिन्नोर या सुवासिक जातीचा धान होता, पेरणीसाठी राखलेला. मी ओरडलो असतो, पण बोऱ्याला तोंड असते ते फक्त भरण्यासाठी. कच्चे टाके घालून त्याने मला परत टांगले.

मिरग जवळ आला. रोपांसाठी पऱ्हे टाकायची वेळ झाली. छोटेलालच्या बायकोने, देवकाबाईने, घरातली धान्याची ढोली उघडली तर आत पेरायची बिजाई नाही. गावाने दुकानाचे बियाणे धरले, तरी तिने सासूच्या हातचा तो वासाचा धान वर्षानुवर्षे जपला होता. तो आता दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. तिचा आवाज पाळीपर्यंत आला.

"कोणाले देऊन देल्ली जी? का इकली? सांगा न!"

"याद नाही येऊन राहिलं, देवका."

"खाचं बरं याद राह्यते!"

त्या दिवसापासून छोटेलाल पाळीवर आला नाही. रेणूने येऊन सांगितले की आजोबा भिंतीकडे तोंड करून बसतात आणि जेवत नाहीत. वाद थांबला. टिंकूचा पानासुद्धा हळू वाजू लागला. मी मात्र आभाळाकडे बघत होतो. एकदा भिजलो असतो, तर ती सगळी बिजाई माझ्या पोटात कुजली असती.

शेवटी देवचंदच छोटेलालच्या घरी गेला आणि त्याला हाताला धरून घेऊन आला. मागून रेणू आणि देवकाबाई आल्या.

"चल छोटे, आज फैसला करू. बोऱ्यावर. पहिला मी."

देवचंदने डावा हात टाकला. टक्. आणि तो थबकला. मी डोललो नव्हतो. त्याने आपली बोटे चोळली, मग नाक माझ्या अंगाला लावले. चिन्नोरचा वास आला. त्याला सगळे कळले होते.

तो ओरडू शकला असता. पण तो गुपचूप माझ्या मागे गेला आणि त्याने मला दोन्ही हातांनी मिठी मारली. "आता तू मार. खालून. जसा मारत होता तसा."

छोटेलालने मूठ वळली. मग तो किंचित वाकला, आणि त्याच्या खांद्याला आठवले. ठोसा नेमका कच्च्या शिवणीवर बसला. शिवण फाटली, आणि सोनेरी धान भळभळ देवकाबाईच्या पायांवर सांडला. पाळीवर वास पसरला.

"माय! माझी बिजाई!" तिने तिथेच बसून पदर पसरला.

"तुमच्या ढोलीले उंदीर लागले होते," देवचंद माझ्या मागून म्हणाला. "म्हनून छोटेनं इथं टांगून ठेवली. मले सांगलं होतं त्यानं. मीच इसरलो. म्हातारा झालो न."

देवकाबाईने त्याच्याकडे पाहिले. तिने पदराच्या कोपऱ्याने डोळे पुसले. "इसरत नोको जाऊ, भाऊजी," ती एवढेच म्हणाली. मग छोटेलालकडे वळली. "चला घरी. भाकर थंडी होऊन राहिली."

"अन फैसला?" टिंकूने विचारले.

"पायलं नाई का? एका ठोशात बोरा फाटला. माझ्याच्यानं जल्मात नाई फाटला," देवचंद म्हणाला.

"बोललो होतो न, भाऊ," छोटेलाल म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो मिशीत हसला.

देवचंदच्या खांद्यावर भार टाकून तो पाळीवरून उतरला. दमलेले मुष्टियोद्धे शेवटच्या फेरीत एकमेकांना धरून उभे राहतात ना, तसे ते दोघे पाठमोरे दिसत होते.

आता समोरच्या बांधीत चिन्नोरचे पऱ्हे हिरवे झाले आहेत. मित्रांनो, माझी एक विनंती आहे. माझी शिवण उसवली तर टाका घाला. पावसात मला छपरीत न्या. आणि तुमच्या घरात कुणी विसरू लागले, तर आवाज चढवण्याआधी त्याच्या आवडीच्या जागी जाऊन हात लावून पाहा. हरवलेले तिथे असेल. कुणासाठी ठेवले होते, तेही कळेल.

माझे स्वप्न आता शेवटच्या घंटेपर्यंत जाते. घंटा वाजते, सारस पंख पसरतात. ते दोघे एकमेकांना धरून उभे असतात, आणि कुणीच कुणाला सोडत नाही.