आठ वाव, दहा वाव

क्षमाचा पहिलाच शोधनिबंध छापून तीन आठवडे झाले होते. मोठ्या हौसेनं ती त्याची प्रत घेऊन जळकोटला पिराजीकाकांच्या घरी गेली. गावातल्या सहा विहिरींच्या पाण्याचे वर्षभराचे आकडे त्यांनीच दिले होते. दगड बांधलेली दोरी पाण्याला टेकेपर्यंत सोडायची, वर ओढायची आणि दोन्ही हात पसरून किती वाव भरते ते सांगायचं. काकांची वाव क्षमानं सुरुवातीलाच टेपनं मोजली होती. बरोबर सहा फूट.

"हे बघा," ती म्हणाली, "डिसेंबरात सरासरी आठ वाव, जानेवारीत एकदम दहा. महिन्यात पाणी बारा फूट खाली. हाच माझा मुख्य शोध."

"जानेवारीत तर ह्यांचा खांदा धरला हुता," काकांच्या पत्नी पुतळाबाई म्हणाल्या. "तवापास्नं म्याच मोजते."

पुतळाबाई उंचीनं क्षमाच्या खांद्याला लागत होत्या. तिनं पर्समधली टेप काढून त्यांना हात पसरायला लावले. चार फूट दहा इंच. गुणाकार केला, तर बारा फुटांचे चार इंच उरले.

गुरुवारी धाराशिवच्या एका कॉलेजात तिची मुलाखत होती आणि अर्जात दाखवायला हा एवढा एकच निबंध होता. तिनं अंगणातूनच मार्गदर्शक सरांना फोन लावला.

"कोण दोरी घेऊन तपासायला येतंय?" सर म्हणाले. "मुलाखत होऊ दे, मग बघू."

फोन ठेवून ती काकांकडं वळली.

"निबंध मागं घ्यावा लागणार, काका."

"छापलेलं मागं कसं घेतात? घरोघर फिरून गोळा करतात व्हय?"

"नाही, नेटवर तसाच राहतो. वर लाल अक्षरांत 'मागे घेतला' लिहितात आणि खाली कारण."

"मंजी वरात काढतात."

"कारण काय लिवणार?" पुतळाबाईंचा आवाज चढला. "माझे हात आखूड? माझ्या मोजण्यात बोटाचा फरक न्हाय. कोण मोजतंय, ह्ये तू इचारलं व्हतंस का?"

विचारलं नव्हतं. क्षमानं मोबाईलवर संपादकांना पत्र लिहिलं आणि मराठीत वाचून दाखवलं: मोजणारी व्यक्ती बदलली, लेखिकेनं चौकशी केली नाही, मोजणाऱ्यांची काही चूक नाही.

"ह्ये बराबर," पुतळाबाई म्हणाल्या.

पत्र गेलं. मग तिनं मुलाखतीचा अर्ज उघडला. दुरुस्तीची मुदत अजून होती, पण अंगठा अडला.

"आता काय?" काकांनी विचारलं.

"प्रकाशित निबंध, एकाचं शून्य करतेय."

"कर की. आमचं पाणी तर बारा फूट वर आलं."